पर्ड्यूला 'चोकर' म्हणणाऱ्यांनी सीझन बघितलाय का नुसती फायनल?

वाबाशकाठचा:
काल पर्ड्यू विद्यापीठ हरलं त्या कॉलेज बास्केटबॉल फायनलच्या धाग्यावर कडू_कारलं यांनी लिहिलं, "पर्ड्यू म्हणजे कॉलेज बास्केटबॉलमधली साउथ आफ्रिका. बास्केटखाली सात फूट चार इंचाचा खांब रोवायचा, त्याला बॉल द्यायचा, फाउल मागायचे आणि मोठ्या मॅचला ढेपाळायचं. याला सीझन म्हणत नाहीत." तिथेच उत्तर द्यायला बसलो, ते लांबतच गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो कारले, ३४ जिंकल्या, ५ हरलो. एकोणचाळीस मॅच. नोव्हेंबरमध्ये मावीची स्पर्धा वणव्यामुळे होनोलुलूला हलवली, तिथे तीन दिवसांत गोंझागा, टेनेसी आणि मार्क्वेट, तिघांना लोळवलं. डिसेंबरमध्ये ॲरिझोना एक नंबरवर होती, तिला ९२-८४. बिग टेन, म्हणजे आमची लीग, एकट्याने, कोणाशी वाटून नाही. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत ग्रँबलिंग ७८-५०, युटा स्टेट १०६-६७, मग परत गोंझागा, परत टेनेसी. त्या टेनेसीच्या मॅचला समोरच्या डाल्टन कनेक्टने ३७ मारले आणि आमच्या झॅक इडीने, म्हणजे तुमच्या त्या 'खांबाने', ४०. १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चारांत! आणि शेवटी हरलो कोणाला, तर यूकॉनला, कनेक्टिकट विद्यापीठाला, ज्यांनी दोन वर्षांत मार्चच्या बाराच्या बारा मॅच दोन आकडी फरकाने जिंकल्यात. त्यांच्यापुढे हरणं म्हणजे चोक असेल तर अख्खा देशच चोकर आहे.

चोक काय असतो ते मला विचारा. १७ मार्च २०२३, कोलंबस. मी पोराला घेऊन स्टेडियममध्ये होतो. फेअरली डिकिन्सन, सोळावं म्हणजे शेवटचं सीडिंग, देशातला सगळ्यात बुटका संघ, स्वतःच्या लीगची फायनलसुद्धा हरलेला, जिंकलेल्या मेरीमॅकला नियमामुळे जाता येईना म्हणून यांना पाठवलेलं. त्यांच्याकडून ६३-५८ने हरलो. परत येताना गाडीत चिडीचूप. डेटन मागे पडल्यावर पोरगं मागच्या सीटवरून म्हणालं, "बाबा, एक नंबर आपणच होतो ना?" मी रेडिओ लावला. तोच इडी, तोच कोच, जवळपास तीच टीम, एका वर्षात फायनलला. हा सीझन मला त्या गाडीपासून मोजायचाय, तुमच्या चार ओळींपासून नाही.

आणि तो दिवस तरी बघा ना. ८ एप्रिल २०२४, सोमवती अमावस्या, दुपारी ग्रहण, रात्री साडेनऊच्या सुमाराला फायनल. आईचा सांगलीहून फोन, ग्रहणात काही खाऊ नका. दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभारली खरी, पण तांब्या वाकडा बसला तरी कोणी सरळ केला नाही.

कडू_कारलं:
आलो. माझंच नाव घेऊन धागा, धन्य झालो.

काका, एवढं लिहिलंत पण फायनलचा एक आकडा सोयीस्करपणे गिळलात. थ्री-पॉइंटर, लांबून मारायचे तीन पॉइंटवाले शॉट, किती? सातपैकी एक. जी टीम वर्षभर देशात सगळ्यात भारी थ्री मारणाऱ्यांत होती, तिने अख्ख्या फायनलमध्ये सात मारायला घेतले आणि एक घातला. इडी ३७, बाकी सगळ्यांचे मिळून २३. यूकॉनचा कोच हर्लीने सांगितलं या उंचाला हवे तेवढे घेऊ दे, बाकीच्यांना श्वास घेऊ देऊ नका. हे आठवीतल्या पोराला सुचेल आणि तुमच्या कोच पेंटरसाहेबांकडे त्यावर उत्तर नव्हतं. २०२१ला नॉर्थ टेक्सास, २०२२ला सेंट पीटर्स, २०२३ला ते फेअरली डिकिन्सन, एफडीयू. तीन वर्षं ओळीने बारक्यांकडून मार. चौथ्या वर्षी सोपा ड्रॉ मिळाला.

ग्रहणाचं म्हणाल तर तुमच्या पर्ड्यूच्या गावाला, वेस्ट लफाएतला, ते ९९ टक्केच होतं. पूर्ण बघायला आमच्या ब्लूमिंग्टनला यावं लागत होतं. यातच सगळं आलं.

वाबाशकाठचा:
हां, म्हणजे इंडियाना युनिव्हर्सिटी! तरीच म्हटलं एवढी जळजळ कुठून. तुमचा शेवटचा विजेतेपदाचा बॅनर १९८७चा. यंदा तुम्हाला दोन्ही वेळा वीसच्या वर-खाली हरवलं, एकदा तर तुमच्याच घरात ८७-६६, आणि मार्चला तुम्हाला आमंत्रणच नव्हतं. बोला आता सोप्या ड्रॉचं.

कडू_कारलं:
बॅनर पाच आहेत. १९७६चा ३२-०, तसा सीझन त्यानंतर पुरुषांत कोणालाच जमलेला नाही. तुमचे किती? तुमच्याकडचा सगळ्यात मोठा माणूस जॉन वुडन, तो यूसीएलएला जाऊन कोच झाला आणि १९६९च्या फायनलला त्यानेच तुम्हाला वीसने हाणलं. घरचं भूत.

गोट्या_धरमपेठ:
ते बॅनर-फिनर ठेवा बाजूले. मला 'खांब' या शब्दावर बोलायचं आहे. हे लिहिणारा कधी पोस्टमध्ये, बास्केटखाली, उभा राहिला आहे का भाऊ? मी नागपुरात कॉलेजकडून सेंटर खेळलो, सहा फूट दोन, तेवढ्यात मी आमच्या युनिव्हर्सिटीत उंट होतो. मेच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टवर पाठीत दोघांचे कोपर घेऊन जागा धरायची, बॉल यायचा दहातून तीनदा कारण गार्डलोकांना स्वतः हिरो व्हायचं असते, आणि फाउल मागितला की रेफरी म्हणणार "तू मोठा आहेस नं, सहन कर". आजपण पाऊस आला की डावी बरगडी बोलते.

इडी काही झाडावरून पडला नाही. हा पोरगा आधी हॉकी आणि बेसबॉल खेळत होता, बास्केटबॉल हातात घेतला तेव्हा दहावीच्या आसपास होता, कॉलेजं ज्यांना घेतात त्या रिक्रूट पोरांच्या यादीत त्याचा नंबर चारशेच्या पलीकडे. तिथून दोनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू, असं राल्फ सॅम्पसननंतर पहिल्यांदा झालं. उंची देवाने दिली, पण दोन्ही खांद्यांवरून हुक शॉट कोणी देव देत नाही.

कडू_कारलं:
टेनेसीच्या मॅचला एकट्याने २२ फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट, घेतले त्याने. समोरच्या अख्ख्या टीमला तेवढे मिळाले नाहीत. बरगडीला माझी सहानुभूती आहे.

गोट्या_धरमपेठ:
२२ मिळाले कारण २२ वेळा मारलं बे त्याला. न दिलेले मोजले तर पन्नास होतील.

मुग्धा_आयोवा:
सगळे पुरुष कोण-किती-उंच करत बसलेत म्हणून फक्त आठवण करून देते. त्याच वीकेंडला मुलींची फायनल झाली, साउथ कॅरोलिना ८७, आयोवा ७५. साउथ कॅरोलिना ३८-०. अपराजित! आणि ती १ कोटी ८७ लाख लोकांनी बघितली, तुमची ही फायनल १ कोटी ४८ लाखांनी. इथे त्यावर एक धागा नाही. मी टाकला होता, दोन प्रतिसाद, त्यातला एक आमच्या आयोवाच्या स्टारबद्दल, "केटलिन क्लार्क ओव्हररेटेड".

वाबाशकाठचा:
मुग्धाताई, मान्य, पण इथे विषय पर्ड्यूचा आहे.

मुग्धा_आयोवा:
विषय नेहमीच दुसरा असतो हो.

सदाशिवपेठी_अनिवासी:
मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. विद्यापीठ कशासाठी असतं? बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर हा कोच असतो, नोबेलवाला प्राध्यापक नव्हे. यावर चर्चा करा म्हटलं की लोक फ्री थ्रो मोजतात.

आणि त्या इडीचं कौतुक मात्र मलाही आहे. गेल्या वर्षीच एनबीएला जाता आलं असतं, पैसा सोडून मुलगा कॉलेजसाठी थांबला. अशी निष्ठा हल्ली दिसत नाही.

एफवन_ग्रस्त:
निष्ठा? सर, तो कॅनडाचा आहे, टोरोंटोचा. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. माझ्यासारखाच! जुलै २०२१पासून इथल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे घेता येतात, एनआयएल म्हणतात ते. बेंचवर बसणारी पोरं गाड्या घेऊन फिरतायत. आणि देशातला नंबर एक खेळाडू अमेरिकेत कॅमेऱ्यासमोर उभा राहून बर्गर विकू शकत नाही कारण ते "अनधिकृत काम" होईल. पर्ड्यूच्या मॅकी अरीनात चौदा हजारांच्या वर लोक याला बघायला येतात, तिकिटाचे पैसे सगळ्यांना, कायद्याने अडकलेला फक्त हा.

मला बास्केटबॉलमधलं घंटा कळत नाही पण हे वाचलं त्या दिवसापासून मी पर्ड्यूचा फॅन.

उंदीरपिंजरा९७:
बाळा, काय गळे काढतोस. १९९७ला मी आलो तेव्हा लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे धुवायचो, व्हिसाच्या नियमाने आठवड्याला वीस तास, एकविसावा तास नाही. वास अंगातून जायचा नाही, देसी पोटलकला माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही. कोणी धागा नाही काढला माझ्यासाठी. हा मुलगा जूनमध्ये ड्राफ्टला, म्हणजे एनबीएच्या खेळाडू-निवडीला जाईल आणि पहिल्या वर्षी तुझ्या-माझ्या आयुष्यभराच्या पगाराएवढं घेईल.

एफवन_ग्रस्त:
काका, म्हणजे तुम्ही पिंजरे धुतलेत म्हणून सगळ्यांनी धुवायचे? मी डायनिंग हॉलच्या डिशरूममध्ये आहे. परवाच्या सेमिस्टरला मित्राला १०३ ताप म्हणून त्याची दोन तासांची शिफ्ट घेतली, माझे बावीस झाले. सोमवारी सकाळी व्हिसा बघणाऱ्या ऑफिसचा मेल. त्यांच्या ऑफिसात गेलो तर बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून फक्त २२वर बोट ठेवलं. हात थरथरत होते माझे, नळाखाली कातडी सोललेले हात. डोळ्यापुढे बाबांनी गहाण टाकलेलं शेत. शेवटी ताकीद देऊन सोडलं. तुम्हाला ड्राफ्ट दिसतोय, मला ते बोट दिसतंय.

सदाशिवपेठी_अनिवासी:
कायदा आवडत नसेल तर येऊ नये. सही करताना वाचलं होतं ना?

एफवन_ग्रस्त:
तुम्ही कुठल्या साली आलात सर? आणि ग्रीन कार्ड किती वर्षांत मिळालं? तेवढं सांगा मग कायद्यावर बोलू.

सदाशिवपेठी_अनिवासी:
याचा इथे संबंध नाही.

गोट्या_धरमपेठ:
म्हणजे लवकर मिळालं 😂

प्रश्नच_प्रश्न:
पण मग खेळाडू पी व्हिसावर, खेळाडू-कलाकारांच्या व्हिसावर, का येत नाहीत? आणि केंटकीच्या ऑस्कर शिब्वेने तर केलेच ना पैसे?

एफवन_ग्रस्त:
शिब्वेची टीम २०२२ला बहामाजला खेळायला गेली तेव्हा त्याने अमेरिकेबाहेर उभं राहून डील उरकली. म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूने कमवायचं तर आधी विमानात बसायचं. मी डिशरूम कुठल्या बेटावर नेऊ?

उंदीरपिंजरा९७:
बरं बाबा, हे बेटाचं बरोबर बोललास. पण ताप आलेल्या मित्राने शिफ्ट टाकायलाच नको होती. मेल आधी त्याला जायला हवा होता.

मुग्धा_आयोवा:
१० प्रतिसाद व्हिसावर. मुलींच्या फायनलला दोन. नोंद असावी.

वाबाशकाठचा:
माझा धागा आहे हो हा, बास्केटबॉलचा.

एक गोष्ट कबूल करतो कारण कालपासून रिप्ले बघतोय. हाफटाइमला यूकॉन ३६-३० असं सहानेच पुढे होतं, तोपर्यंत मॅच हातात होती. नंतर आमचे गार्ड स्मिथ आणि लॉयर कोपऱ्यात मोकळे होण्याची वाट बघत राहिले आणि यूकॉनवाले त्यांना सोडायलाच तयार नाहीत. तिथे पेंटरने काहीतरी वेगळं करायला हवं होतं, निदान लान्स जोन्सला रेटायला हवं होतं. सातपैकी एक हे बरोबर आहे. पण याला चोक म्हणू नका, आपले लोक १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादला वर्ल्ड कपात दहापैकी दहा जिंकून अकरावी हरले, तेव्हा रोहितला चोकर म्हणाला होतात का कारले?

कडू_कारलं:
म्हणालो होतो. बायको दोन दिवस बोलली नाही.

वाबाशकाठचा:
मग बरोबर आहे, स्वभावच आहे.

कडू_कारलं:
हे बघा, सातपैकी एक तुम्ही स्वतः लिहिलंत, माझं काम झालं. बदल्यात माझ्याकडून एवढंच, की एफडीयूनंतर तीच पोरं घेऊन परत उभं राहणं हे आमच्याकडे जमलं नसतं. आमच्याकडे अर्धी टीम ट्रान्सफर पोर्टलमधून दुसऱ्या कॉलेजांना गेली असती. 'खांब' मागे घेत नाही. 'साउथ आफ्रिका' घेतो, त्यांच्यावर अन्याय होतो.

आणि आता कोणी हसायचं नाही. आमची लेक ऑगस्टपासून पर्ड्यूला जातेय, इंजिनिअरिंगला. दहा वर्षांच्या वर फी वाढवलेली नाही त्यांनी, घरच्या राज्याची फी, मी काय करणार. कालच काळा-सोनेरी हुडी घेऊन आली.

गोट्या_धरमपेठ:
😂😂😂 कारलं तुपात तळलं

वाबाशकाठचा:
काय सांगता! पहिला टी-शर्ट माझ्याकडून, पंधरा नंबरचा.

कडू_कारलं:
टी-शर्ट नको. सामान उतरवायच्या दिवशी गाडी कुठे लावायची तेवढं सांगा.