मदत हवी आहे : ‘द एक्झॉर्सिस्ट’चा आवाज पुढे कुठे ऐकू येतो?

नमस्कार मंडळी. आमच्या फिल्म क्लबमध्ये मला ‘द एक्झॉर्सिस्ट’च्या (१९७३) प्रभावावर बोलायचंय. विल्यम फ्रीडकिनचा हा सिनेमा परवा हेडफोन लावून पुन्हा पाहिला आणि या वेळी चित्रापेक्षा आवाजानेच जास्त घाबरवलं. पलंगावर झपाटलेली बारा वर्षांची मुलगी, आणि तिच्या तोंडून मर्सिडीज मॅकेम्ब्रिज या मुरलेल्या अभिनेत्रीचा तो खरखरीत, घशात अडकलेला आवाज! ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. तिच्या थंडगार खोलीत भूत उतरवायला आलेल्या पाद्रींच्या तोंडून निघणारी वाफही खरीच आहे, सेट मुद्दाम गोठवला होता.

आपल्याकडचा ‘गहराई’ (१९८०) मी पाहिलाय. पद्मिनी कोल्हापुरे, डॉ. लागू, आणि लेखनात तेंडुलकर. त्यात झपाटलेली मुलगी आहेच, पण बापाने विकलेल्या जमिनीचा सलही आहे, म्हणून तो मला नुसती नक्कल वाटत नाही.

तर, झपाटलेल्या माणसाचा आवाज असा वेगळा घडवलेले आणखी कोणते भारतीय सिनेमे आहेत? मराठी असतील तर फारच उत्तम. नेमका प्रसंगही सांगा, प्लीज. येत्या रविवारीच बोलायचंय.