गॉथिक वाचायला सुरुवात कुठून करावी?

वडोदरा, दांडिया बाजार. वाचनगटात दिवाळीनंतर गॉथिक, म्हणजे गूढ आणि भयाच्या कादंबऱ्या घेतोय. आधी पुस्तक की सिनेमा?

↳ आधी पुस्तकच, आणि तेही ‘ड्रॅक्युला’ (१८९७). पहिले चार अध्याय सलग, मोठ्याने वाचा. दाढीच्या आरशात मागे उभा असलेला काउंट (उमराव) ड्रॅक्युला, म्हणजे कथेतला पिशाच्च, दिसतच नाही, मग तो भिंतीवरून डोकं खाली करून उतरतो. याहून नेमकी भीती क्वचितच कुणी लिहिली असेल. पुढे डायऱ्या, पत्रं, तारा (टेलिग्राम) येतात आणि वाचक तिथेच अडखळतात. समासात तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव टिपत चला.

↳ सहमत. ‘ड्रॅक्युला’वरूनच केलेला मूकपट ‘नोस्फेराटू’ (१९२२) नंतरच दाखवा. उन्हाने मरणारा पिशाच्च त्या सिनेमाची देणगी. कादंबरीतला काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. जिन्यावरून चढणारी ती सावली मात्र मोठ्या पडद्यावरच बघा.

↳ ‘फ्रँकेनस्टाइन’ घेणार असाल तर सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी, नाहीतर चर्चेत गोंधळ होतो. एलिझाबेथ नायकाची आतेबहीण असेल तर १८१८ची, गरीब घरातून आणलेली पोर असेल तर १८३१ची. मला १८१८ची जास्त धारदार वाटते. १९३१च्या सिनेमात मुका झालेला, नायकाने घडवलेला तो जीव पुस्तकात इंग्रज कवी मिल्टन वाचतो, आपली बाजू मांडतो. ते अध्याय गाळू नका.