‘टी सेरेमनी’ला मराठीत काय म्हणावं? (‘चहापान’ सोडून)

खडीसाखर:
एका माहितीपटाचं मराठी निवेदन करतेय. विषय सेन नो रिक्यू, सोळाव्या शतकातला जपानचा चहागुरू. मूळ संहिता इंग्रजी आणि दर दोन वाक्यांमागे ‘टी सेरेमनी’. मी ‘चहाविधी’ लिहिलं होतं. ज्यांचं काम आहे त्यांनी ते खोडून सगळीकडे ‘चहापान समारंभ’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘विधी म्हटलं की तेरावा वाटतो’. मला चहापान म्हटलं की अधिवेशनाची पूर्वसंध्या आणि विरोधकांचा बहिष्कार आठवतो, त्याचं काय? शेवट तर फारच अवघड झालाय. १५९१ साली तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून रिक्यूला सेप्पुकू, म्हणजे स्वतःचं पोट चिरून आत्महत्या, करावी लागली. मरण्याआधी त्याने जवळच्या माणसांना बोलावून चहा पाजला अशी आख्यायिका आहे. आता निवेदक गंभीर आवाजात म्हणणार, ‘हा त्याचा अखेरचा चहापान समारंभ ठरला.’ लोक हसतील हो.

अजून एक: तिथे पाहुण्यांमध्ये एक मुख्य असतो, ‘शोक्याकु’. त्यांनी त्याचं ‘प्रमुख पाहुणे’ केलंय. आता शाल-श्रीफळ तेवढं राहिलं.

बारीक_मोहरी:
‘टी सेरेमनी’च ठेवा. सगळ्यांना कळतं. केकला आपण गोड पाव म्हणतो का?

शुद्धमती:
कळतं म्हणून ठेवायचं असेल तर संपूर्ण निवेदन इंग्रजीतच ठेवा, सर्वांना कळेल. आपल्याकडे नेमका शब्द आहे: उपचार. षोडशोपचारांतली सुरुवात आठवा: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन. आलेल्याची क्रमाने करायची सेवा म्हणजे उपचार. जपानी चहाघराच्या वाटेवर ‘त्सुकुबाई’ नावाची दगडी कुंडी असते, तिथे वाकून पाहुणा हात धुतो, चूळ भरतो आणि मगच आत जातो. हे आचमन नाही तर काय? माझा शब्द: चहोपचार.

नागपुरी_तर्री:
राजेहो, चहोपचार वाचून मला वाटलं बीपीवर चहाची पुडी निघाली.

शाईचा_डाग:
तर्रीभाऊ, हसू नका, ते अगदीच चूक नाही. जपानात चहा रुजवण्याचं श्रेय ज्या एइसाइ भिक्षूला देतात, त्याने १२११ मध्ये चहावर लिहिलं ते आरोग्यासाठीच. शरीरातले पाच मुख्य अवयव, त्यांतल्या हृदयाला कडू रस हवा, म्हणून चहा प्या, असा युक्तिवाद. तत्त्वज्ञान मागाहून आलं. आधी काढाच होता.

शुद्धमती:
धन्यवाद. म्हणजे दोन्ही अर्थांनी चहोपचार.

बारीक_मोहरी:
एक शंका. ‘चहा’ चिनीतून आलेला, ‘उपचार’ संस्कृत. या दोघांचा संधी कुठल्या व्याकरणात बसतो? तुम्हीच मागे ‘जिल्हाधिकारी’ला नाकं मुरडली होतीत.

शुद्धमती:
‘जिल्हाधिकारी’ शासनाने लादला. हा मी सुचवतेय.

बारीक_मोहरी:
हेच म्हणायचं होतं मला.

क्योतोकर:
मी इथे क्योतोत उरासेनके या चहाच्या घराण्यातल्या एका बाईंकडे शिकायला जाते, म्हणून राहवत नाही. मुळात ज्याचा मराठी शब्द शोधताय तो ‘सेरेमनी’ जपानीत कुठेच नाही. ते इंग्रजांचं बारसं आहे. इथे दोन शब्द चालतात. एक ‘सादो’ किंवा ‘चादो’, म्हणजे चहाचा मार्ग. ‘जुदो’मध्ये आहे तोच ‘दो’. दुसरा जुना, साधा, रिक्यूच्या काळातही रुळलेला: ‘चानोयु’. त्यात ‘चा’ म्हणजे चहा, ‘नो’ म्हणजे आपला चा-ची-चे, आणि ‘यु’ म्हणजे गरम पाणी. जपानीत गार पाणी ‘मिझु’ आणि गरम ‘यु’, दोन वेगळे शब्द, एकाला विशेषण लावून दुसरा होत नाही.

आता मराठीत बघा. चहासाठी चुलीवर ठेवलेल्या पाण्याला आपण काय म्हणतो? चानोयु म्हणजे चहाचं आधण.

आणि ही नुसती गंमत नाही. रिक्यूच्या नावावर एक कविता सांगतात, तिचा आशय असा: चानोयु म्हणजे काय, तर पाणी तापवायचं, चहा करायचा आणि प्यायचा, एवढंच. वर्गात खरोखर सगळं पाण्याभोवती फिरतं. पाणी बिडाच्या किटलीत, खाली कोळसा. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत बसवलेल्या चौकोनी चुलीवर, मे ते ऑक्टोबर वर ठेवलेल्या शेगडीवर, म्हणजे उन्हाळ्यात आच पाहुण्यांपासून लांब जाते. किटली सणसणायला लागली की त्या आवाजालाही नाव आहे, ‘मात्सुकाझे’, पाइनच्या झाडांतला वारा. बाई बोलता बोलता थांबून ऐकतात आणि कोळसा बरोबर लागलाय की नाही ते सांगतात. मग बांबूच्या लांब दांड्याच्या पळीने वाडग्यात पाणी, त्यात हिरवी पूड, आणि एकाच बांबूच्या कांडीचं टोक चिरून केलेल्या रवीने ते घुसळायचं. वाडगा हातात आला की शेजारच्याला ‘ओसाकी नि’ म्हणायचं, म्हणजे ‘तुमच्याआधी घेते हं’. वाडग्याची दर्शनी बाजू ओठाला लागू नये म्हणून तो थोडा फिरवायचा. आणि शेवटचा घोट चक्क भुरका मारून घ्यायचा! संपला हे यजमानाला कळावं म्हणून. लहानपणी ज्यासाठी पाठीत धपाटा बसायचा ते इथे शिकवतात.

खडीसाखर:
आधण!! हे मला का सुचलं नाही. पण ‘हे रिक्यूचं अखेरचं आधण ठरलं’ असं लिहिलं तर?

बारीक_मोहरी:
तर लोकांना वाटेल गॅस संपला.

बारीक_मोहरी:
आणि गंभीरपणे सांगतो, आधण आता कोणाला कळतं? आमच्या भाचीला म्हटलं, आधण ठेव. म्हणाली, कुठे ठेवू? शिवाय आधण भाताचं असतं, डाळीचं असतं. चहाला आमच्याकडे ‘पाणी ठेव’ किंवा सरळ ‘चहा टाक’.

नागपुरी_तर्री:
‘चहा मांड’ बी म्हणतात. मांडणे झकास आहे. पूजा मांडतात, डाव मांडतात, संसार मांडतात. चहाची मांडणी!

क्योतोकर:
तर्री, हे भारी आहे. इथेही ‘चहा करणे’ असं साधं क्रियापद लावत नाहीत. त्याचं क्रियापद ‘तातेरु’, उभा करणे, उभारणे याच्याच उच्चाराचं. ‘मांडणे’ त्याच्या बरंच जवळ जातं.

शुद्धमती:
तिकडे ‘मार्ग’ आहे म्हणता, मग ‘चहामार्ग’ का नको? ज्ञानमार्ग, भक्तिमार्ग, कर्ममार्ग या पंक्तीत बसेल. झेन मठांशी त्याचं नातं आहेच. वा-केइ-सेइ-जाकु, म्हणजे मेळ, आदर, शुद्धी आणि निवांतपणा, ही चार तत्त्वं सांगतात ना?

शाईचा_डाग:
तत्त्वं सांगतात, पण इतिहास इतका निवांत नाही. रिक्यू साकाइ बंदरातला व्यापारी. आधी नोबुनागा या सरदाराच्या, मग हिदेयोशीच्या पदरी. चहाच्या निमित्ताने त्या खोलीत राजकारण शिजायचं. त्याच्या नावावर असलेली ‘ताइआन’ ही खोली यामाझाकीच्या म्योकिआन देवळात अजून आहे. यजमान-पाहुण्यांची जागा दोन तातामींची (तातामी म्हणजे जमिनीवरची जाड चटई), म्हणजे आपल्या हिशेबाने सहा बाय सहा फूट. आत जायला जेमतेम दोन-अडीच फुटांचं भोक. सामुराई असो की सरदार, तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर सरकत आत. आणि त्याच रिक्यूच्या मालकाने सोन्याने मढवलेली, सुटी करून नेता येणारी चहाखोली बनवून १५८६ मध्ये सम्राटाच्या वाड्यात नेली. पुढच्याच वर्षी कितानोच्या देवळात जाहीर मेळा: ज्याला यायचं त्याने या, शेतकरी असला तरी या, आपापला वाडगा आणा. दहा दिवस चालायचा होता, एकाच दिवसात गुंडाळला.

माझं म्हणणं एवढंच की कितानोला ‘चहापान समारंभ’ म्हणा, शोभून दिसेल. तिथे मांडव होता, गर्दी होती, यजमानाची मिजास होती. दोन तातामींच्या खोलीला समारंभ म्हणू नका. एका शब्दात दोन्ही कोंबायचा हट्ट इंग्रजीने केला, आपण कशाला करायचा?

खडीसाखर:
हे पटलं. कितानोचा प्रसंग संहितेत आहे, तिथे त्यांचा शब्द ठेवते. बाकी ठिकाणी काय?

क्योतोकर:
बाकी ठिकाणी ‘चानोयु’ ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘चहाचं आधण’ असा खुलासा द्या. ‘मार्ग’ला माझा विरोध नाही, पण इथल्या माणसांना तो शब्द जरा शाळेतला वाटतो. आणि संहितेत ‘स्कूल’ शब्द आला असेल तर त्याचं ‘शाळा’ अजिबात करू नका. ते घराणं आहे, अगदी ख्यालगायकीतल्यासारखं. रिक्यूच्या नातवाच्या, सोतानच्या मुलांपासून तीन घराणी झाली: ओमोतेसेनके, उरासेनके, मुशाकोजिसेनके. तिन्ही क्योतोत. प्रमुखाला ‘इएमोतो’ म्हणतात, तोच पुढची परवानगी देतो. उरामध्ये चहा फेसाळ घुसळतात. ओमोतेमध्ये फेस कमी, मधे चंद्रकोरीएवढा हिरवा चहा उघडा दिसायला हवा. आमच्या बाई दुसऱ्यांच्या चहाबद्दल काहीच बोलत नाहीत, फक्त भुवई किंचित वर जाते.

शाईचा_डाग:
ओमोते म्हणजे पुढचं आणि उरा म्हणजे मागचं ना? मग थोरली पाती, धाकटी पाती म्हणा की, देवाससारखं.

क्योतोकर:
वयाने तसं जुळत नाही. ओमोते तिसऱ्या मुलाचं, उरा चौथ्याचं आणि दुसऱ्याचं मुशाकोजी. पुढचं-मागचं हे फक्त वाड्याच्या जागेवरून.

दर्यावर्दी:
उशिरा आलो. ‘चानोयु’ हा शब्द युरोपी लिपीत केव्हा छापला गेला ते कोणी सांगितलं नाही, म्हणून सांगतो. जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी नागासाकीला १६०३ मध्ये जपानी-पोर्तुगीज कोश छापला, त्यात तो आहे. आणि तो छापखाना जपानला पोचण्याआधी आमच्या गोव्यात थांबला होता! रोमहून परतणाऱ्या जपानी मुलांपैकी एकाचं लॅटिन भाषण १५८८ मध्ये त्याच यंत्रावर गोव्यात छापलंय. त्या मुलांना युरोपला धाडणारा वालिन्यानो नावाचा पाद्री, त्याने तर जपानातल्या आपल्या मठांना ताकीदच दिली होती की आल्यागेल्यासाठी चहाची खोली तयार ठेवा. जपानी लोक आजही पावाला ‘पान’ म्हणतात, तोही पोर्तुगीजच, आपल्या पावाचा सख्खा भाऊ. आणि मराठीतला ‘चहा’सुद्धा पोर्तुगीज ‘चा’वरूनच आला. आमच्या कोकणीत ‘च्या’.

नागपुरी_तर्री:
थांबा मालक. ‘चहा’तला ह कुठून आला मग? पंजाबीत ‘चाह’ म्हणतात, तिथे कुठले पोर्तुगीज गेले होते? सरळ फारसीकडून आलाय उत्तरेतून.

दर्यावर्दी:
फारसीत ‘चाय’. य दिसतोय, ह दिसत नाही.

नागपुरी_तर्री:
पोर्तुगीजमध्ये तरी कुठे दिसतोय?

बारीक_मोहरी:
या वादात पडत नाही, पण त्या हिरव्या पुडीला ‘मॅचा’ म्हणणाऱ्यांना कोणीतरी आवरा. पुण्यात कॅफेच्या पाटीवर ‘मॅचा लाटे’ वाचलं. लाटे काय, पोळ्या?

क्योतोकर:
‘माच्चा’. च दुहेरी आणि चहातलाच च, चमच्यातला नव्हे.

खडीसाखर:
मंडळी, उद्या सकाळी द्यायचंय. ‘वाबी’ राहिलंय, म्हणजे साध्या, ओबडधोबड गोष्टींतलं सौंदर्य. संहितेत ‘दारिद्र्याचं सौंदर्य’ अशी वाक्यरचना होते, ती फार खटकते.

शुद्धमती:
वैराग्य.

शाईचा_डाग:
वैरागी माणूस वाडग्याचा पोत बघत बसत नाही हो. चोजिरो या कुंभाराचे ‘राकू’ म्हणतात ते काळे वाडगे हाताने घडवलेले, चाकावर नव्हे, थोडे वेडेवाकडे, आणि जपून ठेवलेले. वैराग्यात एवढा जीव कशात अडकतो? ‘फकिरी’ म्हणा. फकिरीत ऐट असते, वैराग्यात नसते.

शुद्धमती:
फकिरी अरबी शब्द आहे.

बारीक_मोहरी:
आणि चहा?

शुद्धमती:
चहाला मी पर्याय शोधतेच आहे. मुद्दा वेगळा, ‘आधण’ तरी शुद्ध आहे: आधान, ठेवणे. अग्न्याधान. चुलीवर ठेवलेलं ते आधण.

नागपुरी_तर्री:
तायी, उत्तरेत भातासाठी उकळायला ठेवलेल्या पाण्याला ‘अदहन’ म्हणतात. त्यात ‘दह’ उघड दिसतो. जाळण्यावरून आलाय, ठेवण्यावरून नाही.

शुद्धमती:
पाणी जळत नाही. तापतं.

दर्यावर्दी:
चहाच्या ह-चं काय झालं? मी जुनी कागदपत्रं बघून सांगणार आहे, तोवर कोणी निष्कर्ष काढू नका.

नागपुरी_तर्री:
निष्कर्ष तर तुमीच काढला होता वर, ‘पोर्तुगीज ‘चा’वरूनच’ म्हणून.