मदत हवी आहे: उबंटू सुरू होत नाही, होममधल्या फायली बाहेर काढायच्या आहेत

प्रश्न

लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, उबंटू २२.०४. इन्स्टॉल करताना डिस्क एनक्रिप्ट केलेली आहे (बाहेर लक्स, म्हणजे कुलूपबंद पेटी; त्यात एलव्हीएम, म्हणजे जागेचे भाग पाडणारा थर; त्यात ईएक्सटी४, म्हणजे फायली ठेवणारी फाइलसिस्टिम). अपडेट चालू असताना वीज गेली. बॅटरी धरत नाही, त्यामुळे मशीन तिथेच बंद पडलं. आता पासवर्ड विचारतं, स्वीकारतं आणि ‘इनिटरॅमएफएस’च्या (बूटच्या सुरुवातीची छोटी तात्पुरती सिस्टिम) प्रॉम्प्टवर येऊन थांबतं. वर ओळ दिसते: ‘व्हीजीउबंटू-रूट: अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली’. होममध्ये साधारण १८० जीबी आहे, फोटो आणि कामाची कागदपत्रं. बॅकअप जुना आहे. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालणारं उबंटू) डिस्क माउंट करायला, म्हणजे उघडून जोडायला गेलो तर ‘अननोन फाइलसिस्टिम टाइप क्रिप्टो-लक्स’ म्हणतं. एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू का? की सरळ नव्याने इन्स्टॉल करू?

प्रतिसाद १

नव्याने इन्स्टॉल तर अजिबात नको. ‘इरेज डिस्क’ निवडलंत की लक्सचा हेडर (पार्टिशनच्या सुरुवातीचा भाग) पुसला जाऊ शकतो. खरी किल्ली त्या हेडरमध्ये असते, तुमचा पासवर्ड फक्त तिचं कुलूप उघडतो. हेडर गेला की पासवर्ड पाठ असून उपयोग शून्य.

आता चांगली बातमी. त्या ओळीत व्हीजीउबंटू-रूट हे नाव आलंय, म्हणजे लक्स उघडलं आणि एलव्हीएमही सापडलं. बिघाड सगळ्यात आतल्या ईएक्सटी४ मध्ये आहे. तुम्ही बाहेरची पेटी माउंट करत होतात, म्हणून ती चूक आली.

आधी हार्डवेअर बघा. (कमांडा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमन लिपीत टाका.) लाइव्ह यूएसबीवर ‘सुडो डीमेसग’ (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या हक्काने, ‘डीमेसग’ म्हणजे सिस्टिमच्या नोंदी) चालवून एनव्हीएमईच्या नावासोबत ‘आय/ओ एरर’ किंवा ‘क्रिटिकल मीडियम एरर’ शोधा. नसेल तर पुढे:

१. ‘एलएसबीएलके -एफ’ मध्ये क्रिप्टो-लक्स असं लिहिलेलं पार्टिशन शोधा. उबंटूच्या या मांडणीत ते बहुधा तिसरं, शेवटी ‘पी३’. पहिलं ईएफआयचं, दुसरं बूटचं.
२. ‘सुडो क्रिप्टसेटअप ओपन’, मग पार्टिशनचा पत्ता, मग ‘जुनी’ असं कुठलंही नाव (तेही रोमनमध्येच). पासवर्ड नाकारला तर आधी कॅप्स लॉक आणि लाइव्ह यूएसबीचा कीबोर्ड लेआउट तपासा.
३. ‘सुडो व्हीजीचेंज -एवाय’, म्हणजे एलव्हीएमचे भाग चालू होतात. कधीकधी हे आपोआप झालेलं असतं.
४. ‘सुडो माउंट -ओ आरओ,नोलोड’, मग /देव/व्हीजीउबंटू/रूट, मग /एमएनटी.

‘नोलोड’ विसरू नका. नुसतं ‘आरओ’ दिलं तरी ईएक्सटी४ आपलं जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) डिस्कवर उतरवतं, म्हणजे ‘फक्त वाचा’ सांगूनही लिहितं. त्याच कारणाने फाइल मॅनेजरमध्ये त्या डिस्कच्या चिन्हावर क्लिक करू नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, फक्त डीमेसगमध्ये मीडियम एरर दिसली तर माउंट करतच बसू नका. ‘जीडीडीरेस्क्यू’ पॅकेज टाकून आधी अख्ख्या पार्टिशनची इमेज (हुबेहूब प्रत) घ्या: पहिल्या फेरीत ‘-एन’, म्हणजे अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, दुसऱ्या फेरीत ‘-आर३’. मॅप फाइलचं (काय वाचून झालं याची नोंद) नाव दोन्ही वेळा तेच द्या, आणि ती फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवा. लाइव्ह यूएसबीवर ठेवलीत तर रीस्टार्टला गायब.

जागेचा हिशेब इथे चुकतो. वापर १८० जीबीचा असला तरी इमेज पूर्ण पार्टिशनएवढी होते. एनक्रिप्टेड डेटात रिकामी जागा ओळखू येत नाही आणि तो दाबून लहानही होत नाही. १ टीबीची डिस्क घ्या. फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या फाइलला आडवी येईल.

प्रश्नकर्ता

डीमेसग स्वच्छ आहे. चारही पायऱ्या झाल्या, माउंट झालं. पण होममधला माझा फोल्डर उघडत नाही, ‘परमिशन डिनाइड’.

प्रतिसाद १

ते बरोबरच आहे. तुमच्या फायली १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या, लाइव्हचा वापरकर्ता वेगळा. परवानग्या बदलायच्या भानगडीत पडू नका, सुडो लावून कॉपी करा:

‘सुडो आरसिंक -एएचएएक्स --इन्फो=प्रोग्रेस२ /एमएनटी/होम/’ आणि पुढे बाहेरच्या डिस्कचा पत्ता. (रोमनमध्ये पहिलं ‘ए’ लहान अक्षर, पुढची तीन मोठी.)

बाहेरची डिस्क शक्यतो ईएक्सटी४. एक्सफॅटवर मालकी, परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे दुवे) राहत नाहीत, आणि नावात विसर्गचिन्हासारखा कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेल्या फायली अडतात. फॉरमॅट करणं शक्य नसेल तर टार करून एकच फाइल ठेवा.

टिंबाने सुरू होणारे फोल्डरही आले पाहिजेत: एसएसएच, जीएनयूपीजी, कॉन्फिग. २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप असल्याने त्याचं प्रोफाइल होममधल्या ‘स्नॅप’ फोल्डरखाली असतं. लोक ते हमखास मागे सोडतात. वेळ: फिरत्या डिस्कवर यूएसबी ३ ने सेकंदाला १०० एमबी धरले तर अर्धा तास, यूएसबी २ वर दीड तास. बारीक फायली खूप असतील तर जास्त.

प्रश्नकर्ता

झालं, पण शेवटी कोड २३. चौदा फायलींवर ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’. बाकीच्या उघडून पाहिल्या, ठीक आहेत.

प्रतिसाद २

कोड २३ म्हणजे काही फायली राहिल्या, बाकी कॉपी झाली. त्या चौदांची यादी जपून ठेवा. आता एफएससीकेची पाळी. ‘-वाय’ प्रत्येक प्रश्नाला हो म्हणतं, त्यात तुटक्या नोंदी पुसायलाही होच. म्हणून ते कॉपीच्या नंतर. उमाउंट करून आधी ‘-एन’ने चालवा, ते फक्त वाचतं आणि काय करणार ते सांगतं. मग ‘-वाय’.

त्यानंतर पुन्हा माउंट करून ‘लॉस्ट+फाउंड’ बघा. तिथे सुट्या फायलींना नाव नसतं, # आणि आयनोड क्रमांक (फाइलचा अंतर्गत क्रमांक) असतो. ‘फाइल’ कमांड दिली की जेपीईजी की पीडीएफ ते कळतं. पूर्ण फोल्डर तिथे आला असेल तर नाव फक्त फोल्डरचं जातं, आतल्या फायलींची नावं शाबूत असतात. तेव्हा आधी फोल्डर उघडा.

अपडेट अर्धवट असल्याने नंतरही बूट अडू शकतं. ग्रबच्या (सुरुवातीचा बूट मेनू) ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडा आणि ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. तोवर बाहेरची डिस्क काढून बाजूला ठेवलेली बरी.