मदत हवी आहे: आपल्याच गटात परकं वाटणाऱ्यांसाठी बैठक कशी आखावी?

एलजीबीटी आधारगटाची बैठक आखतोय आणि एका जागी अडलोय. संशोधक इलन मेयर यांनी २००३ मध्ये विस्ताराने मांडलेला 'अल्पसंख्याक ताण' (अल्पसंख्याक म्हणून सोसावा लागणारा जादाचा ताण) समाजाच्या पूर्वग्रहाबद्दल बोलतो: बाहेरचा भेदभाव, आणि त्यातून मनात बसलेली भीती, लपवालपवी. पण आपल्याच माणसांत बसून 'मी इथली आहे का?' असं वाटणं जास्त बोचतं, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. भिन्नलिंगी जोडीदार असलेल्या बायसेक्शुअल (एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल आकर्षण वाटणाऱ्या) व्यक्ती, असेक्शुअल (लैंगिक आकर्षण फारसं किंवा अजिबात न वाटणारे), उतारवयात स्वतःची ओळख पटलेले, घरी न सांगितलेले, अशांना हे फार होतं.

बिघडतं बहुधा ओळखपरेडीत. 'नाव आणि ओळख सांगा' म्हटलं की ज्याला अजून शब्द सापडलेला नाही तो तिथेच मिटतो. म्हणून फक्त नाव, हवं तर सर्वनाम (स्वतःला 'तो', 'ती' की आणखी काही म्हणवून घ्यायचं ते), आणि 'आज कशासाठी आलात' एवढंच ठेवतोय. एका गोलात सहा ते आठ जण, नव्वद मिनिटं. मध्यंतरात जुन्यांचे घोळके जमतात (खरा एकटेपणा तिथेच असतो), त्यामुळे प्रत्येक नव्या व्यक्तीसोबत एक जुनं माणूस. दोन दिवसांत विचारपूस, पण आधी परवानगी घेऊन: फोनवर झळकलेला मेसेज घरच्यांनी वाचला तर नको तेव्हा गोष्ट उघडी पडते.

अडलंय ते इथे. 'तू तर अर्धाच आमच्यातला' असं कुणी हसत म्हणालं, तर सूत्रधाराने तिथल्या तिथे थांबवावं की नंतर बाजूला घेऊन बोलावं? आणि बायसेक्शुअल किंवा असेक्शुअल सदस्यांचा वेगळा गोल केला तर आधार मिळतो, की अंतर आणखी वाढतं? ज्यांनी असे गट चालवलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.