वणव्यात मदत करायला गेलेल्या हॅमला ३४,००० डॉलर दंड: बरोबर की अती?

दोनमीटर

आयडाहोची ही केस परवा आमच्या हॅम (परवाना काढून हौसेने वायरलेस चालवणाऱ्या) मंडळींत पुन्हा निघाली आणि दोन तास वाद झाला. तिथे सगळेच एकदम बोलत होते, म्हणून इथे शांतपणे मांडतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुलै २०२१. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या एल्क रिव्हर या छोट्या गावाजवळ सुमारे १,००० एकरांवर वणवा पेटला होता, जॉन्सन फायर. अमेरिकेची वनसेवा आणि राज्याचा भूमी विभाग मिळून तो विझवत होते. खाली माणसं, वर पाणी आणि रसायन टाकणारी विमानं, आणि सगळ्यांचं बोलणं १५१.१४५ मेगाहर्ट्झवर. १७ आणि १८ जुलैला त्या चॅनेलवर एक परका आवाज आला. स्वतःला 'कॉम टेक' (संपर्क तंत्रज्ञ) म्हणवत तो परिसरातल्या धोक्यांची माहिती देत होता. अशी आठ प्रक्षेपणं. शेवटी आग विझवण्याचं काम सांभाळणारा अधिकारी ते काम सोडून गावच्या धावपट्टीवर गेला, तिथे हा माणूस सापडला, आणि त्याला बंद कर म्हणून समोरासमोर सांगावं लागलं. माणूस परवानाधारक हॅम. त्याचं म्हणणं, मी मदतच करत होतो. जून २०२२ मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंपर्क नियामकाने, ३४,००० डॉलर दंडाची नोटीस काढली. त्या वेळच्या भावाने सव्वीस-सत्तावीस लाख रुपये.

माझं मत स्पष्ट आहे: दंड बरोबर आहे. अमेरिकेत हॅमचा 'दोन मीटर' नावाचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ. हा माणूस त्याच्या तीन मेगाहर्ट्झ बाहेर होता. बोट लागून चुकून नॉब फिरला असं तीन मेगाहर्ट्झने होत नाही. फ्रिक्वेन्सी मुद्दाम टाकावी लागते, आणि बहुतेक हॅम सेट पट्ट्याबाहेर प्रक्षेपण करत नाहीत, ते आधी 'ओपन' करून घ्यावे लागतात. आपण परीक्षा देतो ती कशाची? कुठे बोलायचं नाही हे कळावं म्हणूनच ना?

सह्यकडा

दोनमीटर, तुमचा राग समजतो, पण रक्कम बघा. हा माणूस चोर नाही, खंडणीखोर नाही. त्याच्या भागात आग लागली होती आणि त्याला त्या डोंगरांची माहिती होती. न्यूयॉर्क पोलिसांच्या वायरलेसवर बॉम्बच्या खोट्या धमक्या आणि पोलीस अडचणीत असल्याचे खोटे कॉल देणाऱ्या एका माणसावर २०१७ साली चार लाख चार हजार डॉलरचा दंड लावायचं ठरलं, ते मला पटतं. तिथे हेतूच दुष्ट होता. इथे हेतू चांगला होता हे कुणी नाकारत नाही. मग दोघांना एकाच कायद्याच्या फुटपट्टीने कसं मोजायचं?

मी स्वतः ट्रेकर आहे, हॅमचा परवाना दोन वर्षांपूर्वी काढला. गावाकडचा माणूस धावून येतो ही आपल्याकडे मोठी गोष्ट असते. त्याला आधी सत्तावीस लाखांची नोटीस दाखवली तर पुढच्या वेळी तो खिडकी लावून घेईल.

पश्चिमवारा

मी वॉशिंग्टन राज्यात राहते, आयडाहोच्या शेजारी. ऑगस्ट आला की इकडे आकाश नारिंगी होतं, मुलांना खेळायला बाहेर सोडता येत नाही. माझ्या धाकट्याला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे प्रत्येक वणव्याच्या बातमीला माझा जीव खालीवर होतो. सह्यकडा, 'धावून येणारा माणूस' मलाही प्रिय आहे. पण इथे धावून आलेल्या माणसामुळे आग विझवणाऱ्यांचा प्रमुख आग सोडून माणूस शोधायला गेला. तेवढा वेळ आग थांबून राहिली होती का? मला या केसमधली हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते, दंड नव्हे.

मोर्सबाबा

थोडं तांत्रिक बोलतो, कारण 'फक्त आठ वेळा बोलला, काय बिघडलं' असं म्हणणारे मला भेटलेत. तीस वर्षं सेट हाताळतोय, म्हणून सांगावंसं वाटतं.

हे एफएम आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर एफएमचा रिसीव्हर दोन्ही मिसळून ऐकवत नाही, जो जास्त ताकदीचा असतो तोच पकडतो. दुसरा नुसता पुसला जातो. याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. घळीत उतरलेला जवान, हातात पाच वॅटचा हँडी (हातात धरायचा वायरलेस सेट), समोर झाडी आणि धूर. तो म्हणतोय, वारा फिरला, मागे या. त्याच क्षणी मोकळ्या धावपट्टीवरून कुणी बटण दाबलं. विमानातल्या रिसीव्हरला धावपट्टी स्वच्छ दिसते, घळ दिसत नाही. वैमानिकाला जवानाचा आवाज येणारच नाही. आणि वाईट म्हणजे जवानालाही कळणार नाही की आपलं बोलणं पोचलं नाही, कारण आपण प्रक्षेपण करत असताना आपला सेट बहिरा असतो. बटण सोडल्यावर उत्तर आलं नाही, एवढंच कळेल. त्याला वाटेल समोरचा कामात आहे.

त्या दोन दिवसांत असं झालं असा माझा दावा नाही. मी म्हणतोय की असं होऊ शकतं हे ज्याला शिकवलेलं असतं त्यालाच आपण हॅम म्हणतो. वाटेवरच्या माणसाने हे केलं असतं तर मीही म्हटलं असतं, समज द्या आणि सोडा.

जळगावकर

मोर्सबाबा, हे मला आजवर कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. परीक्षेच्या पुस्तकात एक ओळ होती, पाठ केली आणि विसरलो.

कोर्टकचेरी

वर एक मुद्दा सुटतोय. एफसीसीच्याच नियमांत, भाग ९७ मध्ये, आणीबाणीची सवलत आहे. माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला तात्काळ धोका असेल आणि नेहमीची संपर्क यंत्रणा उपलब्ध नसेल, तर हॅमने हाताशी असलेलं कुठलंही साधन वापरावं, नियम आड येणार नाहीत. पुष्कळ हॅम या कलमाचा पहिला अर्धा भाग तोंडपाठ म्हणतात आणि 'नेहमीची यंत्रणा उपलब्ध नसेल' हे गिळतात. एल्क रिव्हरला यंत्रणा उपलब्ध होती, चालू होती, आणि हा माणूस त्याच यंत्रणेवर जाऊन बोलला. म्हणजे सवलत लागू होण्याच्या नेमकी उलट परिस्थिती.

रकमेबद्दलही सांगतो. एफसीसीचे ठरलेले मूळ आकडे आहेत: परवानगीशिवाय प्रक्षेपणाला १०,००० डॉलर, दुसऱ्याच्या संपर्कात अडथळ्याला ७,०००. दोन्ही मिळून १७,०००, आणि घटना दोन दिवसांची. हिशेब जुळतो. सह्यकडा, कुणी रागाच्या भरात आकडा फेकलेला नाही. शिवाय ही नोटीस होती, तिला उत्तर द्यायला तीस दिवस असतात, आणि दंड ठरवताना दोषाची पातळी, पूर्वेतिहास आणि पैसे भरायची ऐपत बघावी असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

सह्यकडा

कोर्टकचेरी, आणीबाणीच्या कलमाबद्दल तुमचं बरोबर, ते मी मागे घेतो. मी तसं लिहिलं नव्हतं, पण मनात तेच होतं.

रकमेचं मात्र पटलं नाही. हिशेब जुळला म्हणून शिक्षा योग्य होत नाही. दोषाची पातळी बघायची असेल तर इथे बघा ना! हॅमला सर्वांत जास्त काय लागतं? परवाना. कॉलसाइन, म्हणजे वायरलेसवरचं त्याचं नाव. वीस वर्षं त्या नावाने जगभर बोललेल्या माणसाचा परवाना दोन वर्षं काढून घ्या, त्याच्या पुढे पैसा काहीच नाही. पुन्हा परीक्षेला बसवा. स्थानिक अग्निशामकांसमोर उभं करून काय झालं ते सांगायला लावा. पैशाचा दंड श्रीमंत हॅम भरून टाकेल, गरीब हॅम घर विकेल. गुन्हा तोच.

आणि एक विचारतो. पंचवीस-तीस डॉलरचे चिनी हँडी, १३६ ते १७४ सगळीकडे प्रक्षेपण करणारे, बिनधास्त घरपोच येतात. दोनमीटर म्हणतात सेट ओपन करून घ्यावा लागतो. हे तर पेटीतूनच ओपन बाहेर पडतात. विकणाऱ्याला किती वेळा चौतीस हजार लागले?

दोनमीटर

विकणाऱ्यांचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. २०१८ मध्ये अशा हँडींच्या एका आयातदाराला एफसीसीने कारवाईची समज दिली होती, पण बाजार भरलेलाच आहे. आपल्याकडे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकीटॉकी विकणाऱ्यांना नोटिसा काढल्या, फ्रिक्वेन्सी न सांगता आणि परवान्याचा उल्लेख न करता विकतात म्हणून. ४४६ मेगाहर्ट्झसारखे मोजके विनापरवाना पट्टे सोडले तर बाकी सगळ्याला परवानगी लागते हे घेणाऱ्याला माहीतच नसतं.

पण म्हणून परवानाधारकाची जबाबदारी कमी होत नाही. वाढते.

कोर्टकचेरी

आपल्याकडचं विचाराल तर आपण उलट्या टोकाला होतो. १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा: विनापरवाना ट्रान्समीटर बाळगला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैद ऐकून घाबरायचं, दंड ऐकून हसायचं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात नुसतं विनापरवाना बाळगण्याला पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी दोन लाखांपर्यंत दंड आहे. मला ही दिशा योग्य वाटते. हौशी पोराला तुरुंगात घालायला कुठलाही न्यायाधीश धजावत नाही, म्हणून जुन्या कायद्याची भीती कागदावरच राहिली. भरावा लागेल असा दंड असला की माणूस सेट घेण्याआधी विचार करतो.

पश्चिमवारा

सह्यकडांची परवाना काढून घेण्याची कल्पना मला आवडली, खरं सांगते. फक्त ती दंडाऐवजी नको, दंडासोबत हवी. परवाना गेला तरी सेट घरातच असतो.

मोर्सबाबा

मदतीबद्दल एक जुनी गोष्ट. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानातून हॅम प्रक्षेपणाला परवानगी मिळणं तेव्हा फार अवघड होतं. ती त्यांनी रीतसर मागून, वाट बघून मिळवली होती आणि म्हणूनच सेट, अँटेना, माणसं जागेवर होती. फोन बंद पडले तेव्हा बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर आले ते हॅमच्याच पट्ट्यांमधून. प्रशासनाने त्यांना घरात घेतलं, कारण ते कुणाच्या चॅनेलवर घुसले नव्हते. भूज २००१ लाही हॅम असेच उपयोगी पडले.

प्रशासन आपल्यावर विश्वास ठेवायला फार वेळ लावतं. पुराच्या वेळी तहसील कचेरीत सेट मांडून बसायला जागा मागितली की अजूनही आधी संशयानेच बघतात. एक एल्क रिव्हर झालं की ती खुर्ची पुन्हा काढून घेतली जाते, तिकडेही आणि इकडेही. म्हणून मला या माणसाचा राग येतो, तो चांगल्या मनाचा असला तरी.

जळगावकर

पण मोर्सबाबा, समजा त्याला खरंच महत्त्वाचं काही माहीत होतं. डोंगरावर टॉवर आहे, तारा आहेत, विमानाला धोका आहे. मग त्याने काय करायचं होतं? गप्प बसायचं?

मोर्सबाबा

फोन करायचा. वनखात्याला, शेरीफला. नाहीतर गाडी काढून नियंत्रण तळावर जायचं आणि नकाशावर बोट ठेवून दाखवायचं. अधिकारी धावपट्टीपर्यंत येऊ शकला, म्हणजे हाही तळापर्यंत जाऊ शकत होता. समोर उभ्या माणसाची माहिती खरी की खोटी हे विचारून घेता येतं. वायरलेसवरच्या अनोळखी आवाजाला वैमानिकाने काय म्हणून मानावं? मानलं आणि चुकीचं निघालं तर?

सह्यकडा

गाडी काढून जायचं, हे पटलं. इतकं साधं होतं.

धाग्याचा प्रश्न दंडाचा होता आणि माझं उत्तर अजूनही 'अती' असंच आहे. चौतीस हजारांऐवजी पाच हजार आणि दोन वर्षं परवाना बंद, यावर मी सही करेन. पण कॅप्चर इफेक्ट मला परीक्षा पास होऊनही नीट कळला नव्हता हे खरं. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये चौघांकडे परवाना आहे. येत्या रविवारी मैदानावर हॅमच्या पट्ट्यातच, १४५ वर रिकामी जागा बघून, एकाला अर्ध्या वॅटवर झाडीत उभं करतो, दुसऱ्याला पाच वॅटवर मोकळ्यावर, आणि दोघांना एकदम बोलायला लावतो. तिसऱ्याने काय ऐकलं ते इथे येऊन लिहितो. मोर्सबाबा, अंतर किती ठेवू?

मोर्सबाबा

ऐकणाऱ्यापासून दोघंही दोनशे मीटर. आधी दोघांना एकेकटं बोलू द्या, म्हणजे अर्ध्या वॅटवालाही स्वच्छ ऐकू येतो हे तिसऱ्याला पटेल. मग एकदम. आणि सुरुवातीला, शेवटी कॉलसाइन विसरू नका.