लॅपटॉप सुरू होत नाही, आईच्या ओव्या आत अडकल्यात

काल अपडेट चालू असतानाच लाइट गेली. तेव्हापासून लॅपटॉप काळ्या स्क्रीनपाशीच थांबतो. आईनं जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची 42 रेकॉर्डिंग्ज त्यात आहेत. आई आता नाही. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू. काय करू?

— फॉरमॅट अजिबात नको! हार्ड डिस्क कटकट वाजते का? वाजत असेल तर पुन्हा चालूच करू नका.

— नाही हो, आवाज नाही.

— मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) टाका, त्यावरून लॅपटॉप सुरू करा. ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नव्हे. फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

— ताई, बिटलॉकर (डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की लागेल, आधी शोधून ठेवा.

— 42च्या 42 मिळाल्या. आत्ता पहिली ओवी ऐकतेय.